बुटकी भिंत झाकायची तर वेल नको, झुडूप लावा

प्रश्न (गुहागर तालुका): घरापुढे साडेतीन फुटांची सिमेंट ब्लॉकची भिंत आहे. दर पावसाळ्यात ती काळी पडते, रंग टिकत नाही. समुद्र जवळच आहे. पश्चिमेची बाजू उघडी, उत्तरेची माडांच्या सावलीत. नर्सरीवाल्याने मधुमालती आणि बोगनवेल सुचवली आहे. लावू का?

उत्तर: ताई, मधुमालती अजिबात लावू नका. वेल सुंदर आहे, पण तो माडीपर्यंत चढणारा. साडेतीन फुटांची भिंत त्याला दोन वर्षांतच अपुरी पडते. मग वरचा सगळा गुंताडा एका बाजूला कलंडतो आणि खाली भिंत होती तशीच उघडी राहते. बोगनवेलीला खारा वारा चालतो, पण वर्षातून दोनदा कडक छाटणी करावी लागते आणि तिचे काटे येण्याजाण्याच्या वाटेवर नकोत. कंबरेएवढ्या भिंतीपुढे कंबरेएवढीच वाढणारी झुडपं लावावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

भिंतीचा काळेपणा शेवाळाचा आहे. पावसात ते हिरवं दिसतं, उन्हात सुकून काळं होतं. त्यावर पुन्हा रंगाचा खर्च नको. झाडं मात्र भिंतीला चिकटवून लावू नका, किमान दीड फूट अंतर ठेवा. भिंतीला हवा लागते, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. आपली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी. बांधकामाच्या वेळी पडलेला सिमेंट-चुन्याचा राडा मात्र भिंतीच्या पायथ्याशी गाडला जातो आणि तेवढ्या पट्ट्यात माती चुनखडी होते. तिथे एक्झोराचं झुडूप लावलं की नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. लोक युरिया टाकत राहतात. कमतरता असते लोहाची: लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. म्हणून दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, राडा वेचून बाहेर टाका आणि बागेतली तांबडी माती व कुजलेलं शेणखत मिसळून भरा.

आता पश्चिमेची बाजू. मे महिन्यापासून खारं वारं इथे सरळ आदळतं आणि नाजूक पानांच्या कडा करपतात. इथे बुटक्या जातीची कण्हेर तीन-तीन फुटांवर आणि तिच्यापुढे सदाफुली लावा. दोन्ही झाडं खारं वारं, कडक ऊन आणि कोरडी जमीन सोसतात. कण्हेर विषारी आहे, हे घरातल्या मुलांना सांगून ठेवा. छाटलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नका. ओली कण्हेर गुरं सहसा टाळतात, पण सुकलेला पाला चाऱ्यात मिसळला तर जिवावर बेततं. एक्झोरा हवाच असेल तर भरपूर ऊन असलेल्या पण वाऱ्यापासून आडोशाच्या कोपऱ्यात दोन फुटांवर लावा.

माडांच्या सावलीतली बाजू तुमचं खरं भाग्य आहे. तिथे अबोली लावा, फुटाफुटावर. एकदा रुजली की सुकलेल्या बोंडांवर पाणी पडताच ती तडकतात, बी उडतं आणि आसपास आपोआप रोपं येतात. मुळाशी पाणी साचू देऊ नका, मर लागते. अबोलीच्या मागे झुडूप मिरी लावा. मिरीच्या आडव्या फळफांदीपासून केलेलं रोप वर चढत नाही, दोन-तीन फुटांचं झुडूप होतं. भिंत झाकली जाते आणि घरची मिरीही मिळते. रोप घेताना ते फळफांदीचंच आहे ना, हे विचारून घ्या, नाहीतर पुढे माडावर चढवायचा वेल हाती येईल. पावसाळ्याच्या तोंडावर मिरीवर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारा आणि थोडं मुळाशीही ओता.

कण्हेर, मिरी भरेपर्यंत एक-दोन वर्षं जातील. तोवर पावसाळ्यात भिंतीवर सुतळी ताणून मायाळू सोडा आणि उन्हाच्या बाजूला गोकर्ण. दोन्ही हलके वेल आहेत. गोकर्णीचं बी रात्रभर भिजवून पेरा.

पिवळ्या फुलांचं वेडेलिया कुणी फुकट दिलं तरी आणू नका. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. कांडी पडेल तिथे ते रुजतं, आणि एकदा माडाच्या आळ्यात शिरलं की काढता काढता नाकी नऊ येतात.

लागवड जूनच्या मध्यानंतर, पाऊस जमला की करा. ऑक्टोबरपासून बुंध्यापासून वीतभर सोडून नारळाची सोडणं पालथी अंथरा, ओल टिकते. उन्हाळ्यात पानांवर साठलेलं मीठ आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

झुडपांच्या बुंध्याशी वीतभर जागा मात्र नेहमी मोकळी आणि झाडलेली ठेवा. आपल्या भागात फुरसं हा विषारी साप दगडांत आणि पालापाचोळ्यात दडतो. सोडणं उचलताना काठीने हलवून मगच हात घाला.

दापोली तालुक्यातून एकाने विचारलं आहे की परड्यातला जुना गडगा (नुसते दगड रचून केलेली भिंत) खराब दिसतो, तो पाडून सिमेंटची भिंत घालू का? पाडू नका. सुटे चिरे परत बसवून घ्या. गडग्याच्या फटींतून पावसाचं पाणी वाहून जातं, त्यामुळे भिंतीला दाब येत नाही. पहिल्या पावसानंतर त्यावर नेचे आणि तेरडा आपोआप उगवतील. वड-पिंपळाची रोपं तेवढी बोटभर असतानाच मुळासकट उपटा.