आयमॅक पुतण्याला देताय, पण सोबतच्या ड्राइव्हचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंगळवार पेठेतल्या स्टुडिओतला २०१५ चा आयमॅक आणि त्याला कायम लावलेला १ टीबीचा टाइम मशीनचा, म्हणजे मॅकच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपचा ड्राइव्ह, दोन्ही पुतण्याला द्यायचे आहेत. ड्राइव्हवरचे बॅकअप तुम्ही ट्रॅशमध्ये टाकलेत, पण रात्रभर ठेवूनही ट्रॅश रिकामा होत नाही. कुणीतरी सांगितलंय की सात वेळा पुसा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "घरातलाच पोरगा आहे, एवढं करायला पाहिजे का?"

करायला पाहिजे. पण सात वेळा नको, आणि ट्रॅशमधून तर अजिबात नको.

आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलतो, कारण लोक तिथंच फसतात. आयमॅकवर आज जे दिसतं ते तुम्ही ठेवलेलं असतं. बॅकअपच्या ड्राइव्हवर तुम्ही टाकून दिलेलंही असतं. टाइम मशीन शेवटच्या २४ तासांचे दर तासाचे, महिन्याभराचे रोजचे आणि त्याआधीचे दर आठवड्याचे बॅकअप सांभाळतं. जागा संपली की सगळ्यात जुना काढतं. म्हणजे जागा पुरली असेल तर तुम्ही २०१९ मध्ये डिलीट केलेलं २०१७ चं फोल्डर अजून तिथं जसंच्या तसं असणार. स्टुडिओवाल्याच्या ड्राइव्हवर ते काय असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको. आधार कार्डांचे स्कॅन, पासपोर्ट फोटो, लग्नांच्या निवडीत नापास झालेले शेकडो फोटो, पोरींचे स्थळाला पाठवायचे फोटो. हे तुमचं नाहीच, गिऱ्हाइकाचं आहे. पुतण्या सज्जन असेलही. पण दोन वर्षांनी तो तोच ड्राइव्ह मित्राला पिक्चर भरून देणार, तिथून तो आणखी कुठं जाणार.

आणखी दोन गोष्टी त्यात असतात, त्या बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. कधी आयफोन केबलनं मॅकला जोडून बॅकअप घेतला असेल, तर तो अख्खा फोन त्या ड्राइव्हवर आहे, मेसेजसकट. आणि मॅकची किचेन, म्हणजे साठवलेले सगळे पासवर्ड. ती कुलूपबंद असते खरी, पण तिची किल्ली म्हणजे तुमचा लॉगिनचा पासवर्ड. आणि तो तर स्टुडिओतल्या पोरांपासून पुतण्यापर्यंत सगळ्यांना पाठ असणार.

"घरातलाच आहे" या दोन शब्दांवर माझा विश्वास का उडाला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी जुना लॅपटॉप आणि ५०० जीबीचा ड्राइव्ह इचलकरंजीच्या बहिणीकडे दिला. क्विक फॉरमॅट मारला, झालं म्हटलं. पुढं भाच्याचे गॅदरिंगचे फोटो त्याच ड्राइव्हवरून उडाले. त्यानं नेटवरून फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून चालवलं. त्याचे फोटो आले, आणि त्यांच्यासोबत माझी एक एक्सेल फाइल आली: धाकट्या भावाच्या लग्नातल्या आहेराची यादी. मी हौसेनं त्यात 'शेरा' असा रकाना केला होता. भाऊजींच्या नावापुढं शेरा होता, "शर्टपीस. मागच्या वर्षी आपणच दिलेला." त्या सालच्या भाऊबीजेला भाऊजी माझ्याशी "रस्सा वाढू का" एवढंच बोलले.

क्विक फॉरमॅट म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडणं. जमीन आणि तिच्यातलं पीक जागेवरच असतं. वर दुसरं पीक घेतलं जाईपर्यंत जुनं काढता येतं. तुमच्या ट्रॅशचंही तेच. उलट टाइम मशीनचा बॅकअप ट्रॅशमध्ये टाकणं ही वेगळीच डोकेदुखी, कारण प्रत्येक बॅकअपमध्ये लाखो फायलींच्या नोंदी असतात आणि ट्रॅश त्या एकेक करून सोडवत बसतो. ते थांबवा. अख्खा ड्राइव्हच पुसायचा असल्यावर ट्रॅश रिकामा व्हायची वाट कशाला बघायची?

पण पुसण्याआधी एक दिवस द्या. तुम्हाला हवं ते सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनला लावून प्रत्येक फोल्डरमधल्या चार-पाच फायली खरोखर उघडून बघा. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली म्हणजे फाइल उघडेलच असं नाही. फोटो लायब्ररी असेल तर ती फोटोज ॲपमध्ये उघडा, नुसता आयकॉन बघून समाधान मानू नका. आणि ती नवी कॉपी स्टुडिओतच ठेवू नका. २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या छापखान्यात पाणी शिरलं. आम्ही कॉम्प्युटर माळ्यावर चढवले, पेपरचे रीम चढवले, आणि बॅकअपचा ड्राइव्ह टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्येच राहिला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी कधी ओलांडतंय हे आपण सगळे बघत बसतो, ड्रॉवर कुणी बघत नाही. आता आमची दुसरी कॉपी पाचगावात मेहुण्याच्या घरी असते.

आता प्रत्यक्ष काम. आयमॅकला लावलेले बाकीचे सगळे ड्राइव्ह, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर काढून टाका. जो पुसायचा तेवढाच राहू दे. ही पायरी कुणी गाळू नये, कारण यादीत दोन ड्राइव्ह सारख्या नावाचे निघाले की थकलेला माणूस चुकीचाच निवडतो. टाइम मशीनच्या सेटिंगमधून हा ड्राइव्ह काढा, नाहीतर मधेच ते नवा बॅकअप सुरू करेल. मग डिस्क युटिलिटी, म्हणजे डिस्क पुसायचं मॅकमधलंच ॲप, उघडा आणि व्ह्यू मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. डावीकडं ड्राइव्हच्या कंपनीचं नाव सगळ्यात वर आणि त्याखाली आत सरकलेली नावं दिसतील. वरचं निवडा. खालचं निवडलं तर फक्त एक भाग पुसला जातो. 'इरेज' दाबा, स्कीममध्ये जीयूआयडी पार्टिशन मॅप घ्या. फॉरमॅट पुतण्यावर अवलंबून आहे: फक्त मॅकवर वापरणार असेल तर मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड, विंडोजलाही लावणार असेल तर एक्सफॅट. फिरत्या तबकडीच्या ड्राइव्हवर मी एपीएफएस हा ॲपलचा नवा फॉरमॅट टाळतो, त्यावर ते रेंगाळतं.

त्याच खिडकीत 'सिक्युरिटी ऑप्शन्स' बटण असतं. त्यातली पट्टी सगळ्यात डावीकडं असते, म्हणजे नुसता क्विक फॉरमॅट. ती एक पायरी उजवीकडं न्या, बस्स. त्यात ड्राइव्हवर दोनदा लिहिलं जातं. यूएसबी ३ वर १ टीबीला एका फेरीला साधारण तीन-चार तास धरा, म्हणजे दोन फेऱ्यांना एक रात्र. मॅक झोपू नये अशी सेटिंग करा आणि ड्राइव्ह गादीवर न ठेवता फरशीवर ठेवा, बऱ्यापैकी तापतो. मधेच लाइट गेली तर घाबरू नका, ड्राइव्ह बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं एवढंच.

पुन्हा पुन्हा पुसायचं खूळ कुठून आलं? संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये एक निबंध लिहिला, त्यात ३५ फेऱ्या होत्या. त्या त्या काळच्या वेगवेगळ्या जुन्या ड्राइव्हसाठी होत्या, आणि आजच्या ड्राइव्हवर सगळ्या ३५ मारण्यात अर्थ नाही असं त्यांनीच नंतर लिहिलं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार फिरत्या तबकडीवर साधारणपणे एकच फेरी पुरते. सात फेऱ्या म्हणजे तुमचा आयमॅक एक अख्खा दिवस गुंतणार, आणि मिळणार काही नाही. नाद सोडा.

हे सगळं फिरत्या ड्राइव्हचं झालं. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिप असलेला ड्राइव्ह असता तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण एसएसडी कुठली गोष्ट कुठं लिहायची हे स्वतः ठरवतो. तुम्ही वरून कितीही लिहा, एखाद्या कोपऱ्यात जुनं राहू शकतं. म्हणून तर तिथं 'सिक्युरिटी ऑप्शन्स' बटणच दिसत नाही. एसएसडीवर पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं लिहिणं, चालू ठेवायचं, मग पुसताना किल्ली गेली की सगळं गेलं. मात्र "आता एन्क्रिप्टेड फॉरमॅट मारतो म्हणजे आधीचंही सुरक्षित" हा गैरसमज आहे. आधीचं उघडं लिहिलेलं त्यामुळं झाकलं जात नाही.

आयमॅकचं काम त्यामानानं सोपं. आयक्लाउड आणि मेसेजेसमधून साइन आउट, मग कमांड आणि आर दाबून धरत चालू करा, रिकव्हरीतल्या डिस्क युटिलिटीतून आतली डिस्क पुसा, सिस्टीम नव्यानं टाका. आतली फिरती डिस्क असेल तर तिलाही पट्टीची तीच एक पायरी. 'इरेज ऑल कंटेंट' हे एका बटणाचं काम तुमच्या मॉडेलमध्ये नाही, त्याला टी२ चिप किंवा ॲपलची स्वतःची चिप लागते. आयमॅक देऊन टाकण्याआधी ड्राइव्ह पुसून घ्या, नाहीतर ड्राइव्ह पुसायला दुसरं मशीन शोधत बसाल. दुसरं म्हणून विंडोज मिळालं तर त्यातल्या डिस्कपार्ट या कमांडमधलं 'क्लीन ऑल' चालतं, पण ते "नक्की का?" असं एकदाही विचारत नाही. डिस्कचा नंबर दोनदा वाचा.

शेवटचं. पुसताना मधेच एरर येऊन थांबलं, किंवा ड्राइव्ह टिक-टिक करत असेल, तर तो पोराला देऊच नका. त्याला नवा घेऊन द्या. जुना उघडून तबकडीच मोडावी लागेल. पण ड्राइव्ह हाताच्या तळव्याएवढा छोटा, अडीच इंची असेल तर आतली तबकडी बऱ्याचदा काचेची असते आणि हातोडी बसली की तिचे बारीक तुकडे उडतात. आधी जुन्या गोधडीत गुंडाळा आणि चष्मा लावा.