चहा आणि लाल गोळीची गाठ पडू देऊ नका
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मोबाइलवर सारखं येतं की चहात अँटिऑक्सिडंट असतात, हृदय चांगलं राहतं. आमच्या घरी माणशी पाच कप तरी होतात. मग हे फायद्याचंच ना?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

भाऊ, माहिती खोटी नाही, पण अर्धीच आहे. चहाच्या पानात पॉलिफेनॉल नावाची अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारी, द्रव्यं भरपूर असतात. हिरव्या पानात ती कॅटेचिनच्या रूपात असतात. पान चुरून हवेवर ठेवलं की त्यांच्यापासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन बनतात. आपल्या चहाचा तांबूस रंग आणि तुरटपणा यांचाच. म्हणजे गावच्या किराणा दुकानातली साधी दाणेदार पत्तीही या बाबतीत रिकामी नाही. ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. रोज २ किंवा जास्त कप चहा घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी दिसला, आणि त्यातले बहुतेक जण काळाच, म्हणजे आपल्यासारख्या पत्तीचा, चहा पिणारे होते. चहामुळेच आयुष्य वाढलं, असं मात्र अशा पाहणीतून सिद्ध होत नाही.

आता तुमच्या कपातली साखर मोजा. कपाला २ चमचे म्हणजे जवळपास १० ग्रॅम, ५ कपांना ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. म्हणून आधी चमचा कमी करा. दर आठवड्याला अर्धा चमचा घटवला तर जीभ कुरकुर करत नाही. कॅफिनचाही हिशेब ठेवा. एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. कडक चहाचे ५ कप या मर्यादेला जाऊन टेकतात. झोप नीट लागत नसेल तर दुपारी चारनंतरचा कप बंद करून पाहा.

मी आशा स्वयंसेविका आहे. गरोदर बाया लोहाची लाल गोळी रोज घेतात, तरी काहींचं हिमोग्लोबिन हलत नाही. बऱ्याच जणी सकाळच्या चहासोबतच गोळी गिळतात. त्याने फरक पडतो का?
— एक आशाताई, धानोरा तालुका (जि. गडचिरोली)

ताई, पडतो, आणि मोठा पडतो. बायांना नुसतं सांगण्यापेक्षा दाखवाच. अर्धा गिलास कोरा चहा घ्या, त्यात एक गंजका खिळा टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी गिलासात शाईसारखं काळं पाणी दिसेल. चहातल्या पॉलिफेनॉलने लोह धरून ठेवलं, त्याचा हा रंग. ज्या घडणीमुळे ही द्रव्यं अँटिऑक्सिडंट ठरतात, त्याच घडणीमुळे ती लोहाला चिकटतात. पोटातही तेच होतं. चिकटलेलं लोह आतड्यातून रक्तात जात नाही, शौचावाटे निघून जातं.

जेवणासोबत काळा चहा घेतला तर वनस्पतींमधल्या लोहाचं शोषण ६० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. मटण-मासळीतल्या लोहाला एवढा फटका बसत नाही. पण आपल्या ताटात रोज असते ती भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, जवसाची चटणी. हे सगळं लोह वनस्पतींचं, आणि गोळीतलं लोहही चहाच्या तावडीत असंच सापडतं.

चहा सोडायला सांगू नका, कोणी ऐकणार नाही आणि त्याची गरजही नाही. फक्त वेळ बदलून द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांनुसार जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको. वावरात जाणाऱ्या बाईला हे असं बसवता येतं: सकाळी सहाला चहा, शिदोरी आठनंतर, आणि लाल गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने, झोपण्याआधी. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, कारण क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. दुधासोबत नको. कॅल्शियमची गोळी सुरू असेल तर दोन्हींमध्ये २ तासांचं अंतर हवं. शौच काळी होणं हा लोहाचाच परिणाम आहे, घाबरून गोळी बंद करू नये. रात्री घेतली की मळमळही कमी जाणवते.

तुमच्या भागासाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिन हलत नसेल तर सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का ते आधी पाहा. एएस म्हणजे वाहक असलेल्या बाईला गोळी नेहमीसारखी चालते. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या रुग्णाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नका. आणि सिकलच्या रुग्णाने तहान चहावर भागवू नये. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांच्या वेदना उसळतात, मे महिन्यात तर हमखास.

लहान लेकरांना सकाळी चहा-पोळी देण्याची सवय घरोघरी आहे, तीही याच कारणासाठी मोडायला हवी. चहाने भूक मरते आणि पोळीतलं लोहही वाया जातं. त्याऐवजी पोळीसोबत वरण द्या.

साखरेऐवजी गूळ वापरतो, पण दूध हमखास फाटतं. आणि गुळाच्या चहाने रक्त वाढतं का?
— एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)

गूळ थोडा आंबट असतो, जुना झाला की जास्तच. उकळत्या दुधाला आंबट लागलं की ते फाटतं. म्हणून दूध आणि गूळ एका गंजात (पातेल्यात) एकत्र उकळायचे नाहीत. चार कपांसाठी अडीच कप पाणी ठेवा, त्यात ठेचलेलं आलं टाका. उकळी आली की ४ लहान सपाट चमचे पत्ती घालून मंद आचेवर ३ मिनिटं ठेवा. मग चिरलेला गूळ घाला, विरघळला की गंज खाली उतरवा. दुसऱ्या भांड्यात दीड कप दूध तापवून घ्या. चहाची उकळी पूर्ण बसल्यावर दूध बारीक धारेने सोडा, सोबत हलवत राहा आणि लगेच गाळा. यानंतर परत चुलीवर ठेवला की फाटलाच म्हणून समजा.

चुलीवर अर्धा तास खदखदणाऱ्या चहात गुण जास्त उतरतात, हा समजही सोडा. दाणेदार पत्तीतलं बरंचसं पहिल्या ३-४ मिनिटांतच उतरतं. पुढे उतरतो तो मुख्यतः कडूपणा, आणि तो झाकायला आणखी गोड लागतं. उपाशीपोटी असा चहा घेतला की छातीत जळजळ होऊ शकते.

रक्त मात्र त्याने वाढत नाही. गुळात लोह थोडंच, आणि तेही चहात पडल्यावर बांधलं जातं. शरीराच्या हिशेबात गूळ ही साखरच.

खर्रा सुटत नाही, पण दिवसातून चारदा कोरा चहा घेतो. अँटिऑक्सिडंट कॅन्सर रोखतात म्हणतात, मग भरपाई होते ना?
— एक तरुण, मूल (जि. चंद्रपूर)

नाही होत. खर्ऱ्यातली सुपारी आणि तंबाखू, दोन्हींनी कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे आणि कोणताही चहा ते पुसू शकत नाही. उलट ६५ अंशांच्या वरचं कडक गरम पेय अन्ननलिकेला बहुधा कॅन्सरच्या धोक्याचं असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. चहा ५ मिनिटं निवू द्या किंवा जुन्या लोकांसारखा बशीत ओतून घ्या.

आज आरशासमोर एवढं करा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील, चहा-तिखट झोंबत असेल, पांढरा चट्टा किंवा १५ दिवसांत न भरणारा व्रण दिसत असेल, तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दंतविभागात तोंड दाखवा. भाऊ, हे पुढच्या बाजारापर्यंत लांबवू नका.

वजन कमी करायला ग्रीन टीच्या कॅप्सूल घेऊ का?
— एक वाचक, अचलपूर (जि. अमरावती)

कॅप्सूल नको. अशा कॅप्सूलमधून ईजीसीजी हे ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेल्यावर यकृतावर परिणाम दिसल्याची नोंद युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये केली आहे. साधा ग्रीन टी प्या. उकळी बसलेल्या पाण्यात २-३ मिनिटंच ठेवा, नाहीतर कडू होतो.

आठवडी बाजारातली सुटी पत्ती स्वस्त मिळते आणि रंगही झटकन देते. भेसळ कशी ओळखायची?
— एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)

झटकन रंग हीच संशयाची जागा. पांढऱ्या टीपकागदावर चिमूटभर पत्ती पसरा, वर पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पत्ती काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. चांगल्या पत्तीचा डाग राहत नाही, रंगवलेल्या पत्तीचा ठसठशीत दिसतो. लोखंडाचा कीस ओळखायला कोरड्या पत्तीवरून लोहचुंबक फिरवा. काही चिकटलं तर उरलेली पत्ती पुडीसकट जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. कोणत्या बाजारात, कोणत्या दिवशी घेतली, ते त्यात लिहा.