'वर्गीकरण' निवडू नका, कलम लावा

प्रश्न चोपड्याहून आलाय. एक ताई खान्देशी पदार्थ, सणवार आणि शेती यांवर नेटवर लिहितात. लेख इतके झालेत की त्यांचे त्यांनाच सापडेनात. त्या विचारतात: 'कॅटेगरीला मराठीत वर्गीकरण लिहू का? टॅगला काय म्हणू? आणि अनेकवचन टॅग्ज की टॅग्स?'

पहिल्याचं उत्तर: नका लिहू. कृपा करून नका लिहू. 'या लेखाचं वर्गीकरण: आरोग्य', 'खालीलपैकी एक वर्गीकरण निवडा' हे आता जिथे तिथे दिसतं आणि दर वेळी दाताखाली खडा आल्यासारखं होतं. विद्युतीकरण, नूतनीकरण, तसंच वर्गीकरण. ती क्रिया आहे. डाळ निवडून आपण डब्यात भरतो. डब्यावर 'निवडणं' अशी चिठ्ठी कोणी चिकटवत नाही, 'तूर' असंच लिहितो.

मग नुसतं 'वर्ग'? चालेल. शाळेतला वर्ग, गणितातला वर्ग हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. पण धातू बघा: 'वृज्', म्हणजे वेगळं काढणं, वगळणं. 'वर्ज्य' त्याच धातूचं. म्हणजे वर्ग आणि वर्ज्य ही सख्खी भावंडं. एका वर्गात घातलं की दुसऱ्यातून वगळलं, हे त्या शब्दाच्या रक्तातच आहे. अमरकोशात शब्दांची मांडणी वर्गांनीच केलेली आहे: वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग, मनुष्यवर्ग. आणि तिसऱ्या कांडात चक्क 'संकीर्णवर्ग'! कुठेच बसत नाही ते तिथे टाका. आपल्या 'इतर' नावाच्या अडगळीला एवढी जुनी परंपरा आहे, तेव्हा ताई, तुमच्या 'इतर'मध्ये भाराभर लेख पडले असतील तर फार लाजू नका.

'वर्गवारी'ही चालेल. तिच्यातली 'वारी' ही पंढरपूरची नव्हे आणि सोमवार-मंगळवारातला 'वार'ही नव्हे, तसं कोणी कितीही ठासून सांगो. तो फारसीतला '-वार' प्रत्यय आहे: तपशीलवार, जिल्हावार, प्रतवारी. रावेरच्या केळीची प्रतवारी होते तेव्हा कोणी टाळ-मृदंग घेऊन निघत नाही. 'प्रवर्ग' मात्र नको. सरकारी मराठीने तो आरक्षणाच्या रकान्यात असा पक्का बसवलाय की 'प्रवर्ग: वांग्याचं भरीत' वाचून लोक जातीचा दाखला शोधायला लागतील. खुद्द 'कॅटेगरी'चंही तेच झालंय. कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत जळगावात कोणालाही विचारा, 'ओपन की कॅटेगरी?' एवढाच तिचा अर्थ उरलाय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. 'कॅटेगरी' हा शब्द मुळात ग्रीक, 'कातेगोरिया', आणि त्याचा अर्थ काय असावा? आरोप! 'काता' म्हणजे विरुद्ध, आणि 'आगोरा' म्हणजे गाव जमतं ती जागा, सभाही तीच आणि बाजारही तोच. चार लोकांसमोर, भर बाजारात एखाद्याच्या विरुद्ध बोलणं म्हणजे कातेगोरिया. सॉक्रेटिसवर इसवीसनपूर्व ३९९ मध्ये खटला चालला. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या बचावाच्या भाषणात पहिल्याच वाक्यात 'माझे आरोप करणारे' येतात, तिथे शब्द हाच. पुढे अ‍ॅरिस्टॉटलने तो उचलला. एखाद्या वस्तूबद्दल जे जे म्हणता येईल, तिच्यावर जे जे 'लावता' येईल, त्याचे त्याने दहा प्रकार केले आणि त्यांना हेच नाव दिलं. कोर्टातला शब्द तर्कशास्त्रात गेला. आजच्या ग्रीकमध्येही या एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ नांदतात, आरोपही आणि प्रकारही.

हे वाचल्यावर मराठी माणसाला दुसरं काही सुचूच कसं शकतं? कलम! 'त्याच्यावर कोणतं कलम लावलं?' हा आरोप. आणि 'कलमवार यादी', 'कलमबंदी' हे जुन्या कागदांतले शब्द म्हणजे एकेक बाब वेगळी मांडणं. एकाच शब्दात आरोपही आणि बाबही. शिवाय लेखणी म्हणजे कलम, आणि आंब्याला बांधतात तेही कलम. वर आणखी गंमत, हा शब्दही मुळात ग्रीकच. 'कालामोस' म्हणजे बोरू. तो अरबीत 'कलम' झाला, फारसीतून आपल्याकडे आला. म्हणजे ग्रीकांच्या 'कातेगोरिया'ला आपण ग्रीकांच्याच बोरूने उत्तर देतोय.

इथे संस्कृताभिमानी मंडळी हटकून उठतात. 'कलम' अमरकोशात आहे म्हणतात. आहे ना! वैश्यवर्गात आहे, आणि ती भाताची जात आहे. मग कालिदास काढतात: रघूपुढे नमलेले राजे कसे, तर उपटून पुन्हा लावलेल्या कलम भातासारखे. सुंदर उपमा आहे, वाद नाही. पण ती भाताची लावणी झाली. रोप उपटून दुसरीकडे लावणं वेगळं आणि एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या खोडावर बांधणं वेगळं. ज्यांनी चिखलात पाय घातला नाही आणि कलमाला सुतळीही बांधली नाही, त्यांनी यावरून व्युत्पत्ती ठरवू नये.

माझ्या या कलमप्रेमाचं मूळ घरातच आहे, हे मान्य करतो. आमचे अप्पा अमळनेरला एका अडत दुकानात मुनीम होते. लाल कापडाच्या बांधणीची रोजकीर्द मांडीवर, शेजारी खतावणी. दिवसभराचं एकेक कलम रोजकीर्दीत पडायचं आणि रात्री तिथून उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर जायचं: कापूस खरेदी, हमाली, तोलाई, धर्मादाय. एक रक्कम दोन खात्यांत खरेदी म्हणून मांडली की मेळ बसायचा नाही. पण त्याच ओळीत तपशिलाच्या जागी अप्पा बारीक अक्षरात लिहीत: 'शिरूड, दोन गाड्या, माल ओला, उधार.' मालकाने विचारलं, 'ओला माल कोणाकोणाचा आला?' की अप्पा खात्याकडे बघत नसत, तपशिलावरून बोट फिरवत खाली यायचे. ताई, तुमच्या कॅटेगरी आणि टॅगमधला फरक एवढाच आहे. खातं एक, तपशील हवा तेवढा.

'मग खातंच का नको?' असं कोणी विचारेल. खातं उत्तम होतं. पण आता 'खाते उघडा' म्हटलं की लोक आधार कार्ड काढतात.

बरं, टॅग. इंग्रजीत जुना अर्थ कपड्याला लोंबणारा तुकडा, लोंबती चिंधी. नंतर नाडीच्या टोकाचं धातूचं टोपण. काहीतरी अडकवलेलं, लटकणारं, काढलं तरी मूळ वस्तूला धक्का न लावणारं. आपल्याकडे गुरांच्या कानात १२ आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो ना, तो टॅग. बैलबाजारात मात्र त्या आकड्यांवरून बैल कोणी ओळखत नाही. 'हाऊ बैल कोना शे?' असं विचारलं की समोरचा शिंगाचा बाक दाखवतो, वशिंड दाखवतो. खुणा. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन बघा. घोड्याची जात एकच, काठियावाडी नाहीतर मारवाडी. पण त्याच्यावर खुणा किती: रंगाने कुमैत, चारी पाय आणि तोंड पांढरं म्हणून पंचकल्याणी, गळ्याशी भोवरा म्हणून देवमण. पंचकल्याणी दोन्ही जातींत सापडतो. गिऱ्हाईक जातीवरून रांगेकडे वळतं आणि खुणेवरून घोड्यापाशी थांबतं. म्हणून टॅगला 'खूण' म्हणा. 'बिल्ला' म्हणालात तरी माझी हरकत नाही, पण खूण जास्त घरगुती.

जाता जाता, जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली 'जीआय टॅग मिळाला' असं सगळे म्हणतात. तिथे 'मानांकन' हा शब्द रूढ झालाय. मला तो खटकतो, कारण तिथे मान देण्यापेक्षा माल कुठला हे दाखवण्याचं काम आहे, म्हणजे पुन्हा खूणच! पण हा वाद आज नको.

लेख सापडत नाहीत म्हणता, त्याचं कारण बहुधा हे. वर्डप्रेस या ब्लॉग लिहायच्या साधनात टॅगची सोय आली २००७ साली. त्याआधीची सवय लागलेले लोक अजून प्रत्येक खुणेचा विभाग करून ठेवतात. भरताच्या लेखाला 'वांगी', 'हिवाळा', 'शेतातली पार्टी', 'बडगी' (भरीत ठेचायचं लाकडी भांडं) असे चार विभाग कशाला? विभाग एकच, 'पदार्थ'. बाकीच्या खुणा. कानबाईच्या रोटांवरचा लेख 'सण' मध्ये टाका, आणि 'श्रावण', 'रोट', 'गहू' या खुणा लावा. म्हणजे गव्हाच्या खुणेवर बोट ठेवलं की तो लेख खापरावरच्या मांड्यांशेजारी येईल. आणि एकाच लेखाला लावलेली, पुन्हा कधीच न वापरलेली खूण सरळ काढून टाका. तसंच एकदा 'वांगं', एकदा 'वांगी', एकदा 'वांगे' असं करू नका. यंत्राला ती तीन वेगळी झाडं वाटतात.

आता 'विभाग' कुठून आला म्हणाल, तर तो मी गुपचूप घुसवलाय. तुमच्या पानावर तोच लिहा. 'कलम: पदार्थ' वाचून बायाबापड्यांना वाटेल भाकरी थापल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. फौजदारी डाळीच्या लेखापुरतं मात्र 'कलम' लिहाल का? माझ्यासाठी.

अनेकवचन राहिलंच. दगड एक, दगड दोन. टॅग एक, टॅग दोन. 'टॅग्ज' आणि 'टॅग्स' दोन्ही इंग्रजीचे. 'टॅग्जना' तर कानाला फारच टोचतं, त्याच्याऐवजी 'टॅगांना' म्हणा.