नवरा निर्व्यसनी, धंदा बरा. मग एका कपाटावरून एवढं रडू का?

“नवरा पीत नाही, हात उचलत नाही, पैसा घरात देतो. मग एवढ्या-तेवढ्यावरून मला इतका राग का येतो? माझंच काही चुकतंय का?” लातुरात समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्या बायकांकडून ऐकलाय, की आता मी आधी एकच विचारते: एवढ्या-तेवढ्यावरून म्हणजे नेमकं कशावरून? कुणाच्या बाबतीत सासूने न विचारता दिलेली साडी असते, कुणाच्या बाबतीत मोबाइलचा पासवर्ड. आज सांगतेय त्या जोडप्यात ते एक सागवानी कपाट होतं. दोघांनी लिहायला होकार दिलाय, ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

ती तिशीतली, तो तिच्याहून थोडा मोठा. जुनं फर्निचर घ्यायचं, दुरुस्त करून पॉलिश मारायचं आणि विकायचं, हा त्यांचा धंदा. लॉकडाऊनमध्ये त्याची पुण्यातली नोकरी गेली, दोघं गावाकडे परतले आणि यातच पडले. लातुरात या धंद्याचा एक हंगाम क्लासेसवर चालतो. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की बाहेरगावची पोरं गाशा गुंडाळतात, खाटा आणि टेबलं मिळेल त्या भावात देऊन टाकतात. जूनमध्ये नवी बॅच येते. तेच टेबल डुगडुगणारा पाय बसवून, वर नवा सनमायका चिकटवून दुप्पट भावाला जातं. यात पैसा पटकन फिरतो, पण त्याचा जीव रमतो तो वाड्यांच्या मालात. औसा, निलंगा, उदगीर या बाजूला जुने वाडे अजून उतरवले जातायत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, माणसांच्या अंगावर आली, तेव्हापासून अशा घरांची इकडे धास्तीच आहे. शिवाय वारसदार पुण्या-मुंबईला, सामान ठेवायला कुणाकडे जागा नाही. मग फडताळं, आरामखुर्च्या, कपाटं बाहेर निघतात, बहुतेक वेळा तेलरंगाचे थरावर थर चढलेली. आत सागवान आहे की आडजात लाकूड, हे तो कोपरा नखानं खरवडून सांगतो.

माल ठेवायला पत्र्याची शेड आहे, पण पावसाळ्यात सगळा कारखाना घरात येतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं मारलेलं पॉलिश दमट हवेत पांढरट पडतं, म्हणून कोरडी जागा लागते आणि कोरडी जागा म्हणजे आतली खोली. कणकेत लाकडाचा भुसा, वरणाला स्पिरिटचा वास. (गॅस पेटलेला असताना स्पिरिटची बाटली उघडायची नाही, हे मी त्या दोघांना समुपदेशनाचा भाग म्हणून नाही, जीव घाबरला म्हणून सांगितलं.)

याची मात्र तिची तक्रार नव्हती. भुसा झाडता येतो म्हणाली.

नागपंचमीला ती पोराला घेऊन माहेरी गेली होती. परत आली तर खोलीत कपाट नाही. जमिनीवर चादरीत बांधलेली तीन गाठोडी. एकात साड्या, एकात पोराचे कपडे, तिसऱ्यात उरलेलं सगळं एकत्र: पासबुक, लसीकरणाचं कार्ड, डांबराच्या गोळ्या, रेशनकार्ड, सासूबाईंची बीपीची औषधं. ते कपाट उदगीरच्या एका वाड्यातून साडेसहा हजाराला आणलेलं. दोघांनी मिळून घासलेलं; बाहेरची दारं त्यानं आणि आतले कप्पे तिनं, कारण तिचा हात कोपऱ्यात जातो. टेबल बघायला आलेल्या गिऱ्हाइकाची नजर कपाटावर गेली आणि त्यानं सतरा हजार रोख मोजले.

“मी काहीच बोलले नाही मॅडम. स्वयंपाक केला. रात्री मोरीत नळ सोडून रडले.” आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, नशीब समज, पीत तरी नाही. जाऊबाई म्हणाली, सतरा हजार आले ना, मग रडतीस कशाला. दोन्ही उत्तरं तिला पटलीही होती आणि तरी छातीवरचा दगड हलत नव्हता. म्हणून ती माझ्याकडे आली. येताना घरी सांगितलं की बँकेत चाललेय.

तो पुढच्या खेपेला आला, थोडा घुश्श्यातच. “तिच्यासाठीच तर करूलालो की सगळं. दारात आलेलं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी, तिला काय म्हणू, उद्या या? आन् घर रिकामं ठेवलं का मी? पंधरा दिवसांत दुसरं कपाट आणलं, त्याच्यापेक्षा जड.” हे खरं होतं. नवं कपाट खरोखर जड होतं. आणि घरातला माल घरातूनच विकण्यामागे त्याचा हिशेबही होता. शेडमध्ये उभं केलेलं कपाट बघून गिऱ्हाईक दहा खोडी काढतं. तेच वापरात असलेलं, साड्या लावलेलं दिसलं की त्याला वाटतं, घरचे लोक वापरतात म्हणजे पक्कं असणार. म्हणजे घर हेच त्याचं शोरूम होतं. फक्त शोरूममध्ये राहणाऱ्या बाईला ते कुणी सांगितलं नव्हतं.

अशा जोडप्यांना सर्रास दिला जाणारा सल्ला असतो, एकमेकांना वेळ द्या, कुठं तरी फिरून या. मला तो इथं बिनकामाचा वाटतो. ही दोघं सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत एकाच छपराखाली होती. वेळ भरपूर होता, पण त्यात कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

मी दोघांना एक काम दिलं. घरात वापरात असलेल्या आणि नंतर विकल्या गेलेल्या जेवढ्या वस्तू आठवतील तेवढ्या वेगवेगळ्या बसून लिहा, एकमेकांना दाखवू नका. त्याची यादी वहीच्या अर्ध्या पानाची, प्रत्येक वस्तूपुढे घेतल्याची आणि विकल्याची किंमत. त्यात चूक शोधून सापडली नसती. तिची यादी पानभर, मागच्या बाजूलाही थोडी. किंमत एकाही वस्तूपुढे नाही. “दिवाण – पोराला ताप होता तेव्हा यावर झोपवला.” “फडताळ – मसाल्याचे डबे, मग डबे महिनाभर खोक्यात.” “टेबल – जेवायला बसायचो, आता खाली.” “आरशाचं कपाट – यात राखीचे पैसे ठेवले होते, सापडले नाहीत.”

तो यादी वाचत असताना मी त्याच्याकडे बघत होते. राखीच्या पैशांपाशी थांबला. “हे बोलली नाहीस कधी,” म्हणाला. ती म्हणाली, “तीनशे रुपये होते, काय बोलायचं.”

इथं एक गोष्ट मला त्याच्या लक्षात आणून द्यावीशी वाटली. वस्तू विकली की त्याचं काम संपत होतं: पैसे मोजले, टेम्पोत चढवलं, झालं. तिचं काम तिथून सुरू व्हायचं. रिकामं करणं, बांधणं, नवं येईपर्यंत गाठोड्यातून शोधणं, नवं आलं की पुसून पुन्हा लावणं, कुठली वस्तू कुठं गेली हे घरातल्या प्रत्येकाला सांगणं. काचपेपर, लाख, बिजागऱ्या, टेम्पोचं भाडं हे सगळं त्याच्या वहीत होतं. ही मेहनत कुठल्याच वहीत नव्हती. आणि पंधरा दिवसांनी ‘त्याच्यापेक्षा जड’ कपाट आलं, तरी तेही विकलं जाणार हे तिला माहीत होतं. त्यामुळे नव्या कपाटात तिनं साड्या लावल्याच नव्हत्या. गाठोडी तशीच आत ठेवली होती. हे तिनं सांगितलं तेव्हा मला तिच्या रडण्याचं माप कळलं.

पण खरी गोष्ट तिच्या यादीच्या पहिल्या ओळीत होती: “पलंग.” त्याच्या यादीत पलंग नव्हताच. “तो धंद्याच्या आधीचा,” तो म्हणाला. तो तिच्या आंदणातला पलंग होता. पुण्याहून परतल्यावर हातात काही नव्हतं, तेव्हा तो अकरा हजाराला विकला आणि त्यातून क्लासवाल्या पोरांच्या टेबलांचा पहिला लॉट घेतला. तिनंच हो म्हटलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. म्हणून तर तिला त्याबद्दल बोलायची सोयच उरली नव्हती. आपणच दिलेल्या गोष्टीचं दुःख कुठल्या तोंडानं सांगायचं? वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून घेतलेला पलंग होता तो. आणि धंद्याच्या पाच वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नव्हतं की या धंद्याचं पहिलं भांडवल तिचं आहे. नातेवाइकांत हा ‘त्याचा’ धंदा होता आणि ती हाताखाली.

कायद्याचं मी दोघांसमोर सांगितलं, कारण बहुतेकांना ते माहीत नसतं. मुलीला लग्नात तिच्यासाठी म्हणून दिलेलं, दागिन्यांपासून पलंग-भांड्यांपर्यंत, स्त्रीधनात मोडतं. त्यावर एकट्या बायकोचा हक्क असतो, नवरा त्यात भागीदार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच स्पष्ट केलंय. 1997 च्या निकालात म्हटलंय की अडीनडीला नवरा ते वापरू शकतो, पण ती वस्तू किंवा तिची किंमत परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. 2024 मध्ये न्यायालयानं हीच भूमिका पुन्हा मांडली. तो जरा दचकला. ती घाईघाईनं म्हणाली, मला केस-बिस करायची नाही हो. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे. मला एवढंच हवं होतं की तो पलंग यादीत यावा.

आला. त्यानं त्याच वेळी वही उघडून अगदी वर, पहिल्या लॉटच्याही वर, तिचं नाव आणि अकरा हजार लिहिलं. तिनं बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं आणि मग एकदम व्यवहाराचं बोलली: “मग जूनच्या हंगामाची वही माझ्याकडं राहील.” मी याची अपेक्षा केली नव्हती. त्यानंही नाही. पण तो हो म्हणाला.

वापरातल्या वस्तूंचं ठरवायला मात्र जास्त वेळ गेला, कारण माणूस व्यापारी. ती म्हणाली, कपाट, पलंग, दिवाण आणि जेवणाचं टेबल या चार वस्तू घरच्या, कितीही भाव आला तरी विकायच्या नाहीत. तो म्हणाला, टेबल सोड. भाजीच्या गाड्यावर घासाघीस व्हावी तशी झाली. शेवटी टेबल राहिलं, बदल्यात तिनं दिवाण सोडला. उरलेल्या तिन्ही वस्तूंच्या पाठीमागे त्यानं रंगानं ‘घरचं’ असं लिहिलं. बाकी वापरातल्या वस्तूला गिऱ्हाईक आलं, तर ‘घरात विचारून सांगतो’ म्हणायचं आणि तिला फोन करायचा. ती हो म्हणाली, तर रिकामं करून लावायचं काम दोघांनी मिळून.

याची किंमत पडत नाही असं नाही. एकदा ती दवाखान्यात होती, फोन उचलला नाही आणि बारा हजाराची आरामखुर्ची घ्यायला आलेला माणूस निघून गेला. नवरा तणतणत माझ्याकडे आला: “आता सांगा, हे कोण भरून देणार?” कुणीच नाही, मी म्हटलं. असं अधूनमधून होणार. त्याला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नसेल.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण बऱ्याच जणींना तोच पडलेला असतो. राग येण्यासाठी नवरा वाईटच असावा लागतो असं नाही. दारू आणि मारहाण नाही, एवढ्यावर बाकी सगळ्या तक्रारी माफ होत नाहीत. एखाद्या छोट्या गोष्टीवर प्रमाणाबाहेर रडू आलं, तर ती शेवटची गोष्ट असते. तिच्या आधी काय काय न बोलता गेलं त्याची यादी करून बघा. कागदावर करा, मनात केली की ती फिरत राहते. नवरा यायला तयार नसेल तर यादी त्याच्या हातात द्या आणि वाचून होईपर्यंत समजावायला जाऊ नका.

मात्र इथल्यापेक्षा गोष्ट वेगळी असेल, म्हणजे सामान किंवा दागिने लपवून विकले जात असतील, पैसा दिसत नसेल, विचारलं की धमकी मिळत असेल, तर यादी-वहीच्या नादी लागू नका. घरातल्या वस्तू आणि स्त्रीधन परस्पर विकणं हे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ म्हणून धरलं जाऊ शकतं. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयातून संरक्षण अधिकाऱ्यांची, म्हणजे अशा वेळी बाईला मदत करायला नेमलेल्या अधिकाऱ्यांची, माहिती मिळते आणि 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

या दोघांचं म्हणाल तर परवा तिचा फोन आला, तक्रार घेऊनच. “मॅडम, हे आता कशालाबी विचाराय लागलेत. काल तीन पायांच्या स्टुलाचा फोटो पाठवला, देऊ का म्हणून. मागं कळशीचं तिकाटणं. दिवसभर फोटो.” मी सुचवलं, पाचशे रुपयांच्या आतल्या वस्तूंना विचारायचं नाही असं ठरवून टाका.

“नको नको,” ती म्हणाली, “विचारू द्या.”