फ्लिपर मरगळला म्हणून लगेच कॉइल बदलू नका

तुमच्या 1986 च्या पिन-बॉट या विल्यम्स कंपनीच्या पिनबॉल मशीनचा उजवा फ्लिपर (बटण दाबल्यावर चेंडू उडवणारा दांडा) मरगळलाय, चेंडू रॅम्पवर अर्ध्यातूनच घरंगळत परत येतो आणि दुरुस्तीवाला नवी कॉइल (फ्लिपर ओढणारं विद्युतचुंबकी वेटोळं) टाकायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. कॉइलचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. डावा फ्लिपर ठणठणीत आहे, म्हणजे वीजपुरवठ्यावरही सहसा संशय नको.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेचं फटका मारतं, बारीक तारेचं फ्लिपर नुसता वर धरून ठेवतं. या काळातल्या विल्यम्स मशीनवर एरवी मिटलेला असणारा ईओएस (एंड-ऑफ-स्ट्रोक, म्हणजे फटक्याच्या शेवटी चालणारा) स्विच फ्लिपर वर पोचता पोचता उघडतो आणि मग विजेला बारीक तारेतूनच जावं लागतं. या स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडले की फटक्याच्या वेळीही पुरेसा करंट मिळत नाही. बहुतेक मरगळलेल्या फ्लिपरांचं दुखणं इथंच असतं. उलट स्विच उघडलाच नाही तर जाड वेटोळं तापून जळतं.

मशीन बंद करा, प्लग काढा, चेंडू बाहेर घ्या आणि मगच प्लेफील्ड (ज्यावर चेंडू फिरतो ती फळी) उचला. टंगस्टनचे कॉन्टॅक्ट बारीक कानशीनं घासा. सँडपेपर त्यांच्यापुढे टिकत नाही. कॅबिनेटच्या बटणामागचा स्विचही तसाच साफ करा, तोही पूर्ण करंट वाहतो. (1992 पासूनच्या फ्लिपट्रॉनिक, म्हणजे फ्लिपर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं चालवणाऱ्या मशीनवर मात्र कानस लावू नका. तिथले कॉन्टॅक्ट सोन्याचा मुलामा दिलेले असतात आणि ईओएस उलट, म्हणजे वर गेल्यावर मिटतो.)

आता यांत्रिक भाग. प्लंजर (कॉइलमध्ये ओढला जाणारा लोखंडी दांडा) बाहेर काढून त्याचं टोक बघा. स्टॉपवर, म्हणजे प्लंजरला अडवणाऱ्या तुकड्यावर, आपटून आपटून ते छत्रीसारखं पसरतं आणि स्लीव्हमध्ये (कॉइलच्या आतल्या नळीत) घासायला लागतं. प्लंजर व त्याला फ्लिपरच्या क्रँकशी जोडणारी लिंक, स्टॉप, नायलॉनची स्लीव्ह, बुशिंग (फ्लिपरचा दांडा ज्यात फिरतो ती पुंगळी), स्प्रिंग हे सगळं एकदमच बदला. नवा प्लंजर झिजलेल्या स्टॉपवर आदळत राहिला तर तोही लवकरच पसरेल. जुनी स्लीव्ह कॉइलमधून निघतच नसेल तर कॉइल तापून वितळलीय. तेवढ्या एका बाबतीत दुरुस्तीवाला बरोबर. आणि तेल-ग्रीस कुठंही नको. धूळ बसून त्याचा चिखल होतो.

जोडणीत घाई करू नका. फ्लिपर प्लेफील्डपासून जेमतेम एक मिलिमीटर वर राहू द्या आणि हातानं वर-खाली हलवल्यावर किंचित मोकळीक जाणवली पाहिजे. ती नसेल तर बुशिंग घासतं आणि इतकी मेहनत करूनही फ्लिपर जडच राहतो. कोन जुळवायला फ्लिपरच्या टोकाजवळ बारीक भोक असेल तर त्यात टूथपिक उभी करा आणि रबर तिला टेकेल असा फ्लिपर ठेवा. भोक नसेल तर इनलेनच्या (चेंडूला फ्लिपरकडे आणणाऱ्या वाटेच्या) पट्टीची रेघ पुढं ओढल्यासारखा धरा. मग क्रँकचा (फ्लिपरच्या दांड्याला पकडणाऱ्या भागाचा) बोल्ट नीट आवळा, कारण तो सैल राहिला की दोन-चार खेळांतच कोन सरकतो.

ईओएस शेवटी बसवा. फ्लिपर हातानं पूर्ण वर ढकलल्यावर कॉन्टॅक्टमध्ये साधारण 3 मिलिमीटर फट हवी. स्विच आधीच उघडला तर फटक्यातला जोर जातो.

या भागांचं किट मागवताना मशीनचं साल जरूर सांगा. डाव्या-उजव्याचे क्रँकही वेगळे असतात. दोन्ही बाजू एकाच वेळी करा, नाहीतर नव्या उजव्यापुढे डावा आळशी वाटेल आणि पंधरवड्यात तोच प्रश्न घेऊन तुम्ही परत याल.