बॅज मुलाचा, धावपळ आईची

"मॅडम, पथकातल्या सगळ्यांचं प्रथम सोपान झालं, आमचाच मागे राहिला. काय करू?" सहावीतल्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) प्रथम सोपान ही स्काउटमधली सुरुवातीची एक पायरी; स्काउटमधल्या मुलांचे पालक हा प्रश्न बरेचदा घेऊन येतात. त्यातून कुणी वरच्या पायऱ्यांचं, म्हणजे राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्काराचं नाव काढलं असेल, तर विचारूच नका.

मुलाचं लॉगबुक, म्हणजे स्काउटमधल्या कामाची नोंदवही, पाहिलं. अक्षर मोत्यासारखं, गाठींची चित्रं रेखीव. सगळं आईचं. मुलगा खुर्चीच्या कडेला बसून नखं कुरतडत होता. मी ड्रॉवरमधली सुतळी त्याच्यापुढे ठेवली. "रीफ नॉट मारतोस?" त्याने मारली. ओढताच टोकं आडवी झाली आणि गाठ सुटली. आईचा हात लगेच सुतळीकडे. "मला येतच नाही," मुलगा पुटपुटला.

चूक एवढीशीच होती: दोन्ही वेळा त्याने उजवंच टोक डाव्यावर नेलं होतं. दुसऱ्यांदा डावं उजव्यावर न्यायचं असतं. मी ते सांगितलं नाही. "पहिल्यांदा कुठलं टोक वर होतं?" एवढंच विचारलं. थोडी झटापट झाली, मग टोकं आपापल्या दोरीला लागून नीट बसली. त्याने ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं.

आईशी नंतर एकटीशी बोलले. "चाचणीला तो टाळाटाळ करतो, कारण वहीतलं आपल्याला येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे." स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर शिबिर भरवलं, तेव्हा मुलांचे छोटे संघ करून नायकही मुलांतलेच नेमले. बॅज देताना कामाच्या सफाईपेक्षा मुलाने घेतलेले कष्ट बघावेत, असंच त्यांचं म्हणणं. तेव्हा वेडंवाकडं लॉगबुक चालतं. आईंना काही हे पटेना. "पथकाचे सर काय म्हणतील?" सरांनाच विचारा, म्हटलं.

मुलालाच स्काउट नको असेल तर? तेही त्याला विचारलं होतं. शिबिराला जायचंय म्हणाला, चुलीवर स्वयंपाक करायचाय.

मग ठरलं ते असं: लॉगबुक नवं, त्याच्या अक्षरात. दोरी आणि प्रथमोपचाराची त्रिकोणी पट्टी आईने आणून द्यायची, संध्याकाळी थोडा वेळ मोकळा ठेवायचा. गाठी शिकायच्या संघनायकाकडून, आणि घरी धाकट्या बहिणीला शिकवायच्या. 'शेजारचा कुठवर पोचला?' ही चौकशी जेवणाच्या पानावर बंद.

चाचणी अजून व्हायची आहे. पुढच्या भेटीत आईंची तक्रार मात्र निराळी होती: घरातल्या एकूण एक खुर्चीच्या पायाला क्लोव्ह हिच ही गाठ बांधलेली, आणि झाडू मारायला गेलं की मुलं सोडू देत नाहीत.