दाभोळ-धोपावे फेरीबोटीत चालू कॉल पलीकडच्या टॉवरवर जातो; यालाच हँडओव्हर म्हणतात. त्यासाठी टॉवरकडे शेजारी टॉवरची यादी लागते. ती कोण बनवतं?

पूर्वी इंजिनिअर ही यादी हाताने भरत. ४जीपासून टॉवर ती स्वतःच बनवू शकतो, आणि त्यासाठी तुमचाच फोन वापरतो.

वाशिष्ठी खाडीच्या मध्यावर पलीकडचा सेल (टॉवर सांभाळतो त्यातला एक भाग) जास्त जोरात ऐकू यायला लागला की फोन चालू टॉवरला कळवतो, 'अमुक पीसीआयचा सेल दिसतोय.' हा पीसीआय म्हणजे सेलचा छोटा क्रमांक. तो यादीत नसेल तर टॉवर फोनलाच त्या सेलची पूर्ण ओळख वाचायला सांगतो. प्रत्येक सेल ती सतत प्रसारित करत असतो आणि ती जगात एकमेव असते. मग कोअर नेटवर्ककडून, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेकडून, पलीकडच्या टॉवरचा आयपी पत्ता मिळतो, दोघांची थेट जोडणी होते आणि शेजारी यादीत चढतो. मागून येणाऱ्या बोटीतल्यांना ही नोंद तयारच मिळते.

कोकणात खरी गोम पाण्याची आहे. ४जीत पीसीआय फक्त ५०४, त्यामुळे तेच क्रमांक पुन्हापुन्हा वापरावे लागतात. डोंगराआड हे खपून जातं. खाडीवर मात्र आडवं काहीच नसतं, त्यामुळे लांबचा सेलही स्पष्ट ऐकू येतो. एकाच क्रमांकाचे दोन सेल ऐकू आले की टॉवर गोंधळतो, हँडओव्हर चुकीच्या सेलकडे जातो आणि कॉल तुटतो.

म्हणूनच यादीत 'इथे हँडओव्हर नको' किंवा 'ही नोंद काढू नका' अशी खूण इंजिनिअरला करता येते. माझ्या मते खाडीकाठच्या टॉवरांवर ही माणसाची नजर हवीच.